नर्सिंग जमेल का, हे सांगणारी साडेतीन हजारांची चाचणी: एका ब्रदरचा अभिप्राय

भाचीसाठी घेतलेल्या एका करिअर मार्गदर्शन पॅकेजबद्दल हे लिहितोय. तुमच्या मुलीला नर्सिंग जमेल का, हे सांगणं एवढंच त्या पॅकेजचं काम. संस्थेचं नाव टाकत नाही. असली पॅकेजं सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि फ्लेक्सवरची हातात दिवा घेतलेली बाईसुद्धा सगळीकडे तीच असते. टॅबवर चाचणी, छापील रिपोर्ट, पालकांसोबत एक बैठक आणि शेवटी ‘हॉस्पिटल अनुभव दिवस’. सगळं मिळून साडेतीन हजार रुपये. पक्की पावती मागितली की जरा जास्त.

मी स्वतः सरकारी रुग्णालयात अधिपरिचारक आहे. पेशंटच्या भाषेत ब्रदर. घरात ब्रदर असताना बाहेर पैसे कशाला भरले, हे कुणीही विचारेल. आक्काचं म्हणणं असं, की तू मामा आहेस, तू एक तर पोरीला चढवशील नाही तर घाबरवशील. दाजींचं गणित निराळं. तासगावकडं त्यांची द्राक्षबाग आहे आणि बागेला फवारणी कुठली मारायची हेसुद्धा ते फी घेणाऱ्या सल्लागाराला विचारतात. फुकटचा सल्ला लागू पडत नाही, असं त्यांचं ठाम मत. झालं, दोघांनी मिळून पैसे भरले आणि मला सोबत नेलं.

भाचीची, म्हणजे पूनमची, बारावी सायन्सला झाली होती. नीटचे मार्क एमबीबीएसच्या आसपास फिरकावेत असे नव्हते. रिपीट करायचं, की बीएस्सी नर्सिंगला जायचं, यावर घरात दोन पक्ष. आज्जीचा तिसरा पक्ष, लग्नाचा.

चाचणी सव्वाशे प्रश्नांची. प्रत्येक वाक्यापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच गोल. ‘मला गरजूंना मदत करायला आवडते.’ ‘दुसऱ्याचे दुःख पाहून मला वाईट वाटते.’ ‘मी संयमी आहे.’ आता मला सांगा, आई शेजारी बसलीय, पैसे भरून झालेत, अशा वेळी कुठली पोरगी दुसऱ्याच्या दुःखाशी असहमत होईल? पूनमनं फटाफट सगळं ‘पूर्ण सहमत’ करून टाकलं. एका वाक्याला मात्र ती अडली: ‘तेच तेच काम पुन्हा पुन्हा करायचा मला कंटाळा येतो.’ तिथं तिचं बोट बराच वेळ टॅबवर अधांतरी होतं. माझ्या मते सव्वाशे प्रश्नांत कामाचा प्रश्न तो एकच, आणि त्याचं तिनं काय उत्तर दिलं हे रिपोर्टात कुठंच वेगळं दिसलं नाही. ‘कार्यशैली’ नावाच्या एका रंगीत चकतीत ते विरघळून गेलं.

रिपोर्ट देखणा. गुळगुळीत कागद, बत्तीस पानं, पहिल्या पानावर पूनमचा फोटो. सेवाभाव ९१ टक्के, सहानुभूती ८८, नेतृत्व ७३, ताण सहन करण्याची क्षमता ६४. निष्कर्ष, ‘नर्सिंगसाठी उत्कृष्ट योग्यता’. त्याखाली पर्यायी करिअर दिलेली: शिक्षिका, हवाई सुंदरी, इंटिरिअर डिझायनर. आज्जीनं सगळी पानं उलटसुलट करून विचारलं, “ह्यात मंगळ हाय का न्हाई, ते कुठं लिवलंय?”

माझी पहिली तक्रार त्या ९१ टक्के सेवाभावाबद्दल आहे. नर्सिंगला सेवाभाव लागत नाही असं नाही, पण तो मोजून काहीच कळत नाही. आमच्या वॉर्डात एक सिनिअर सिस्टर आहेत. तोंडानं फटकळ, नातेवाईक त्यांना टरकून असतात. या चाचणीला बसवलं तर सहानुभूतीत हमखास काठावर पास होतील. पण ड्युटी बदलताना ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, घ्यायला आल्या की बाई टेबलाजवळ उभ्या राहून नुसती वही ऐकत नाहीत. एकेका खाटेपाशी जातात, पांघरूण बाजूला करतात, लघवीच्या पिशवीत किती आहे आणि रंग कसा आहे ते बघतात, इंट्राकॅथच्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या, वरच्या बाजूला दोन बोटं दाबतात, पडून असलेल्या पेशंटची टाच उचलून खाली कातडी लाल झालीय का ते पाहतात. सगळं करताना तोंडानं बडबड चालूच. त्यांच्या ड्युटीत बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, क्वचितच होतो. उलट अतिशय प्रेमळ, पेशंट रडला की आपणही रडणाऱ्या मुली मी वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडताना पाहिल्या आहेत. त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. रोज तेवढं रडून माणूस उभा राहत नाही.

या कामात जे खरोखर लागतं ते चाचणीत कसं विचारता येईल, हे मी सांगतो. मुलीला पाचशे एमएलची बाटली दाखवा. सांगा, ही आठ तासांत गेली पाहिजे, नळीतून वीस थेंबांचा एक एमएल होतो, तर मिनिटाला किती थेंब ठेवशील? उत्तर येतं एकवीसच्या आसपास. गणित पाचवीचं आहे. पण पहाटे चार वाजता, वॉर्ड भरलेला असताना, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा सलाईन ओढून काढत असताना, घड्याळ समोर धरून एक मिनिट शांतपणे थेंब मोजणं आणि हेच पुढच्या खाटेला पुन्हा पहिल्यासारखं करणं, ही परीक्षा. किंवा दोन छोट्या अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या, शेजारी शेजारी ठेवा. एकात इंजेक्शन विरघळवायचं साधं पाणी, दुसऱ्यात पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही पाण्यासारखीच स्वच्छ दिसतात. पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून, मोजून, हळूहळू द्यायचं असतं. तेच थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. लेबल प्रत्येक वेळी वाचायचं, शंभराव्या वेळीही पहिल्यासारखंच वाचायचं, ही सवय ज्याला लागू शकते त्याला नर्सिंग जमतं. चाचणीतला तो कंटाळ्याचा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटला होता.

संस्थेचा असाही दावा होता, की ही चाचणी सीईटीच्या तयारीलाही उपयोगी पडते. नाही पडत. बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड असे पाच भाग, प्रत्येकी २० मार्कांचे. तिथं उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, ‘पूर्ण सहमत’ला मार्क नाहीत.

पालकांची बैठक त्यांच्या ऑफिसात झाली. एसी, काचेचं टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या. समुपदेशक म्हणून पंचविशीतला एक मुलगा, शिक्षण एमबीए. बोलायला गोड, वागायला नम्र, त्याच्याबद्दल वैयक्तिक तक्रार काही नाही. त्यानं पूनमला पहिलाच प्रश्न टाकला, “रक्त बघून चक्कर येते का?” ती म्हणाली, “नाही.” तो खूश झाला.

रक्ताचं काय घेऊन बसलात! रक्ताची भीती बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत जाते. माझ्याच बॅचचा एक पोरगा पहिल्या ड्रेसिंगला आडवा झाला होता, तो आज ऑपरेशन थिएटर सांभाळतो. न जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. काहींचा वासाचा त्रास जात नाही. चिघळलेल्या मधुमेही पायाचा वास, उलटीचा, रात्रभर तसंच पडलेल्या बेडपॅनचा. काहींना रात्र सोसत नाही. आमच्याकडे सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ आणि रात्र आठ ते आठ. नाईट संपवून दिवसा झोप न लागणारी माणसं असतात, त्यांची तब्येत खचते. काहींना बोलणी खाणं जमत नाही. डॉक्टर बोलतो, नर्सांची प्रमुख मेट्रन बोलते, नातेवाईक तर अंगावरच येतात. हे सगळं ऐकूनही पुढच्या पेशंटशी नीट बोलायचं असतं. यातलं एकही त्या मुलानं विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, “सर, ते हळूहळू अॅडजस्ट होतं.” काहींचं होतं, काहींचं होत नाही. होणार नाही ते आधी कळावं म्हणून तर पैसे भरले होते.

मग दाजींनी त्यांच्या मनातला प्रश्न काढला. रात्री पोरगी सुरक्षित असती का? त्यांच्या पिढीला अरुणा शानबाग माहीत आहे. १९७३ साली मुंबईच्या केईएममध्ये तिथल्या नर्सवर तिथल्याच सफाई कामगारानं केलेला हल्ला, आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, तिथल्याच नर्सांनी तिची केलेली सेवा. आणि २०२४ मध्ये कोलकात्यात डॉक्टर मुलीचं जे झालं ते सगळ्यांनीच पाहिलं. समुपदेशक म्हणाला, “आजकाल सीसीटीव्ही असतात, अंकल.” एवढ्यावर विषय संपला. त्यानं निदान एवढं तरी सांगायला हवं होतं, की महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, त्यात नर्सही येतात, आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि कायदा असूनही हल्ले थांबलेले नाहीत. म्हणून कॉलेज बघताना होस्टेल ते वॉर्ड हा रस्ता रात्री कसा असतो, नाईटला एका वॉर्डात किती जणी असतात, हे तिथं शिकणाऱ्या मुलींना विचारून घ्या, असं मीच दाजींना सांगितलं. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. फी न देता घेतलेला तो बहुधा त्यांचा पहिला सल्ला.

पगारावर गाडी आली तेव्हा समुपदेशकाची कळी खुलली. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, महिन्याला दोन-अडीच लाख. परदेशी जाताच येत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केलाय आणि त्यात नर्सही आहेत. पण जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत आल्याशिवाय आणि तिथली मान्यता मिळाल्याशिवाय तिकडे पूर्ण नर्स म्हणून उभं राहता येत नाही, अमेरिकेला जायचं तर त्यांची एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते, हे त्यानं घाईघाईत उरकलं. आणि इथलं सांगितलंच नाही. राज्य सरकारात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून. जागा मोजक्या, त्यासाठी परीक्षा. बाकीच्यांना खासगी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती, की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलनंसुद्धा नर्सला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० खाटांच्या वरच्यांनी सरकारी पगाराएवढं द्यावं. शिफारस कागदावर आहे. आमच्या भागातल्या छोट्या दवाखान्यांत नव्या मुलींना काय हातात पडतं, ते तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. मुलीनं हे आकडे ऐकून मग हो म्हणावं.

आता ‘हॉस्पिटल अनुभव दिवस’. यावर मला जास्त लिहायचंय, कारण पॅकेजचं खरं आकर्षण तेच होतं. पंधरा-वीस मुली आणि दोन मुलगे. एका खासगी ट्रेनिंग सेंटरचा हॉल. हॉस्पिटल नव्हेच. एक प्लास्टिकचा पुतळा खाटेवर झोपवलेला, त्याला आधीच सलाईन लावून ठेवलेलं, बाटली रिकामी. मुलींना पांढरे अॅप्रन दिले, प्रत्येकीनं पुतळ्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून फोटो काढला. बटण दाबलं की आकडा दाखवणाऱ्या मशीननं एकमेकींचं बीपी घेतलं. दुपारी वडापाव, चहा. शेवटी हातात पणत्या देऊन नाइटिंगेलची शपथ आणि प्रमाणपत्र. पहिल्या वर्षी कॉलेजात शपथविधी होतो तेव्हा मुलींच्या अंगावर काटा येतो, कारण तोवर त्यांनी काहीतरी केलेलं असतं. इथं वडापाव खाऊन शपथ.

त्या दिवसात काय करता आलं असतं? खाट करायला शिकवायची. नर्सिंगचं पहिलं काम ते. चादरीला एक सुरकुती राहता कामा नये, कोपरा तिरका घडी घालून गादीखाली घट्ट बसवायचा, कारण सुरकुतीवर चार दिवस पडून राहिलेल्या माणसाची कातडी सोलवटते. मग त्याच खाटेवर माणूस झोपलेला असताना, त्याला कुशीवर वळवून, चादर बदलायला लावायची. पंधरा मिनिटांत कळतं, कुणाच्या कंबरेत जोर आहे, कोण ‘आधी यांना सांगून मग वळवूया’ म्हणते आणि कोण माणसाला पोत्यासारखं ढकलते. याला खर्च किती? एक चादर.

त्या दोन मुलग्यांपैकी एकाची आई मला बाजूला घेऊन विचारत होती, पोरांना ह्यात नोकरी लागती का. हॉलमध्ये कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. लागते, पण वाट जरा अरुंद आहे. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांच्या, २० टक्के पुरुषांच्या. सैन्याच्या नर्सिंग सेवेचा अभ्यासक्रम, उदाहरणार्थ पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातला, फक्त मुलींसाठी. उलट आयसीयू, ट्रॉमा, मानसिक रुग्णालय, थिएटर, डायलिसिस इथं ब्रदर हवेच असतात. आणि प्रसूती विभागातलं शिक्षण मुलग्यांनाही टळत नाही, तिथं लाजून चालत नाही. बाई म्हणाल्या, “हे आतल्या साहेबांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर खरं दुकान उघडलं. “बंगळूरला आपल्या सीट्स आहेत, सीईटीची कटकट नाही, आज टोकन भरलं तर दहा टक्के सूट.” म्हणजे साडेतीन हजारांत आम्हाला सल्ला विकला आणि आम्हाला कॉलेजला. मला स्वतःला सगळ्यात खटकलं ते हेच. नर्सिंग जमणार नाही असा रिपोर्ट ही संस्था कुणाला देत असेल, यावर माझा विश्वास नाही. कर्नाटकातली सगळी कॉलेजं वाईट असं मुळीच नाही, तिथं शिकलेल्या उत्तम सिस्टर माझ्यासोबत काम करतात. पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी बघाव्या लागतात. कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि त्या राज्याच्या परिषदेच्या यादीत आहे का. बीएस्सीच्या कॉलेजला निदान १०० खाटांचं पालक रुग्णालय लागतं, ते कुठं आहे आणि त्यात पेशंट असतात का. परराज्यात पास झालं की आधी तिथं नोंदणी आणि मग ती महाराष्ट्र परिषदेकडं आणायची, ही दगदग आहे. आणि २०२४-२५ पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना फीची जी सवलत मिळते, ती व्यवस्थापन कोट्याला किंवा परराज्याला नाही. हे चौथं कळल्यावर दाजींनी टोकनचे पैसे परत खिशात घातले.

आणखी एक, कॉलेजात मूळ गुणपत्रिका ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. नंतर पोरीला कॉलेज सोडायचं असेल तर गुणपत्रिका लवकर सुटत नाही.

पॅकेजमध्ये काहीच चांगलं नव्हतं का? होतं. शेवटच्या चार पानांत कागदपत्रांची यादी नीट दिलेली आहे. अधिवास, जात, नॉन-क्रीमिलेअर, ते कुठं काढायचं आणि किती आधी, सगळं बरोबर. एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी या नर्सिंगच्या तीन अभ्यासक्रमांतला फरकही साध्या भाषेत आहे. बीएस्सी चार वर्षांचं, त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ४५ टक्के, राखीवला ४०. जीएनएम तीन वर्षांचं, आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींनाही चालतं. एएनएम दोन वर्षांचं. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण हवं. हे कोष्टक मी झेरॉक्स काढून शेजाऱ्यांना दिलं. समुपदेशकानं पूनमला इंग्रजी सुधार म्हणून सांगितलं तेही खरंच आहे. पुस्तकं इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत, नोट्स इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुली पहिल्या वर्षी अॅनाटॉमीपेक्षा इंग्रजीनं जास्त रडतात.

मग पूनमला नर्सिंग जमेल का, याचं उत्तर मिळालं का? थोडंफार मिळालं, पण ते पॅकेजातून नाही.

त्याच पावसाळ्यात आज्जी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. रात्री सोबत एकच बाईमाणूस. आक्काचं गुडघ्याचं दुखणं, म्हणून पूनम राहिली. पहिल्या वेळी आज्जीला बेडपॅन दिला तेव्हा ती ओकारी येऊन बाहेर पळाली. दोन मिनिटांनी तोंड धुऊन परत आली आणि आज्जीला म्हणाली, “आता झालं का गं? काढू?” हे मला आज्जीनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात, की पोरगी नाक मुरडती म्हणून.

एका रात्री आज्जी कण्हायला लागली. शेजारच्या पेशंटच्या बाईनं सांगितलं, ऑपरेशनचं दुखतंय, झोपू दे. पूनमनं हात लावून बघितला. इंट्राकॅथच्या वरचा भाग थंडगार, टम्म, ताणलेला. सलाईन शिरेबाहेर मांसात जात होतं. ती सिस्टरकडं गेली. सिस्टर दुसऱ्या एका सिरिअस पेशंटच्या अंगावर ओणव्या झालेल्या, मागं न बघता ओरडल्या, “दिसत नाही का? थांब जरा!” ती थांबली. रुसून खाटेवर येऊन बसली नाही आणि पुन्हा पुन्हा हाकाही मारल्या नाहीत, तिथंच बाजूला उभी राहिली. सिस्टर मोकळ्या झाल्यावर आल्या, सलाईन बंद केलं, सुई काढली आणि विचारलं, “कधीपासून आहे असं?” पूनम म्हणाली, “दोन वाजता बघितलं तेव्हा नव्हतं. आता सव्वातीन झालेत.”

दोन वाजता बघितलं होतं. तिला कुणी बघायला सांगितलं नव्हतं.

मी तिला एवढंच विचारलं, की रात्री जागताना काय वाटलं. ती म्हणाली, “मामा, तीननंतर डोकं दुखतं माझं. ते दुखणार असेल रोज, तर मला माहीत नाही.” या उत्तरावर माझा बत्तीस पानांपेक्षा जास्त भरवसा आहे. तिनं सीईटीचा फॉर्म भरलाय, नीटची परीक्षा रिपीट करत नाहीये. नाईटचं काय ते अजून तिचं तिलाच ठरायचंय, आणि पहिल्या वर्षाच्या पोस्टिंगमध्ये बऱ्यापैकी कळेल. तोवर सोडावंसं वाटलं तर सोडता आलं पाहिजे, म्हणून फी कमी असलेलं आणि घरापासून एका एसटीच्या अंतरावरचं कॉलेज आम्ही पसंतीच्या यादीत वर टाकलंय.

पॅकेजला पाचपैकी दीड स्टार. एक कागदपत्रांच्या यादीला, अर्धा त्या मुलाच्या नम्रपणाला. ज्यांच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणीच या क्षेत्रात नाही आणि फॉर्म भरण्याचीच भीती वाटते, त्यांनी फक्त माहिती पुस्तिका मागावी. ती सुटी तीनशे रुपयांना देतात, काउंटरवर विचारलं तरच सांगतात. चाचणी आणि अनुभव दिवस घेऊ नये. त्या पैशांत जवळच्या एखाद्या सिस्टरला सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बोलवा आणि पोरीला तिच्या शेजारी बसवा. फक्त नाईटवरून आलेल्या दिवशी बोलवू नका, तिला झोपू द्या.

संस्थेचे फोन अजून चालू आहेत. गेल्या आठवड्यात म्हणे बंगळूरला शेवटच्या दोनच सीट उरल्या. दाजींनी विचारलं, “कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं?” पलीकडून उत्तर आलं, माहिती घेऊन सांगतो. दाजी म्हणाले, “घ्या की सावकाश, आमची छाटणी चाललीय.”